मत मंडळीचे, तिजोरी स्कॉटलंडची

१/ स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३१ मध्ये मुंबईत प्रेस्बिटेरियन पद्धतीची मंडळी स्थापन केली. गिरगावातले आंब्रोली चर्च याच स्कॉटिश परंपरेतले.

२/ या पद्धतीत बिशप नसतो. सभासद वडील निवडतात. पाळक व वडील मिळून कारभार पाहतात. त्यांचा निर्णय अमान्य असल्यास प्रेस्बिटरीकडे, पुढे सिनॉडकडे दाद मागता येते.

३/ पाळक कोणी नेमावा, जमीनदाराने की मंडळीने? या वादातून १८४३ मध्ये साडेचारशेहून अधिक स्कॉटिश पाळकांनी राजमान्य चर्च सोडून फ्री चर्च उभारले. विल्सनही त्यांत सामील झाले.

४/ धनजीभाई नौरोजी (१८४६) आणि नारायण शेषाद्री (१८५४) यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. तरीही मिशनरी स्कॉटलंडहून नेमले जात आणि मिशनचा खर्च मुख्यतः तिथल्या वर्गणीतून चाले. हिशेबही साहजिकच तिकडेच जाई.

५/ म्हणून उत्तरदायित्व केवळ निवडणुकीने सिद्ध होत नाही. १९७० च्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात ही परंपरा विलीन झाली, बिशपही आले. पण कसोटी तीच राहिली. आपल्या पाळकाचे वेतन स्वतः देणारी आणि जमाखर्च उघडपणे विचारणारी मंडळीच आपल्या मताची खरी धनी असते.