परिचारिकांचें परदेशगमन आणि आमचे शोकाकुल गृहस्थ

गेल्या कांहीं वर्षांपासून नांदेड-लातुराकडच्या सुशिक्षित मंडळींत एक नवा शोक ऐकूं येऊं लागला आहे. तो दुष्काळाचा नव्हे, सोयाबीनच्या भावाचा नव्हे, कीं नळाला आठ आठ दिवसांनीं येणाऱ्या पाण्याचाही नव्हे. शोक असा कीं, आपल्या भागांतल्या शिकल्यासवरल्या मुली परिचारिका होऊन इंग्लंड, जर्मनी व आखाती देश यांकडे चालल्या. आपल्या आजाऱ्यांस घोटभर पाणी पाजावयास कोणी उरणार नाहीं. पैशाच्या मोहानें मायभूमीची सेवा टाकणाऱ्या ह्या पिढीस म्हणावें तरी काय! हा शोक आम्हीं लग्नाच्या पंगतींत ऐकला, आगगाडींत ऐकला, आणि परवां लातुरास एका व्याख्यानमालेंत तो ध्वनिक्षेपकावरून ऐकण्याचाही योग आला. व्याख्याते स्वतः निष्णात डॉक्टर, चाळीस खाटांच्या खासगी इस्पितळाचे धनी, वाणी रसाळ. "परक्यांच्या म्हाताऱ्यांची घाण काढावयास आमच्या लेकी जातात," असें जेव्हां ते सद्गदित होऊन म्हणाले, तेव्हां सभागृहांत हळहळीचा एकच सूर उमटला. हळहळ आम्हांसही वाटली. मात्र तिचें कारण निराळें होतें.

ह्याच गृहस्थांचे चिरंजीव आज पुष्कळ वर्षें अमेरिकेंत डॉक्टरी करीत आहेत. ते गेले त्या वेळीं घरोघर पेढे वांटण्यांत आले, व ते आम्हींही खाल्ले. तेव्हां मायभूमीची सेवा टाकल्याचा उल्लेख कोणी केल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. डॉक्टराचा मुलगा समुद्र ओलांडतो तेव्हां ती कुळाची कीर्ति होते, आणि मुखेडच्या कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी तेंच करते तेव्हां तो देशद्रोह होतो! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचें तें कारटें, ही म्हण आमच्या पूर्वजांनीं उगाच केली नाहीं.

परंतु दुटप्पीपणा हा येथला लहान दोष झाला. मोठा दोष पुढेंच आहे. लातुराचें नांव आज साऱ्या महाराष्ट्रांत कशासाठीं घेतलें जातें? ज्याला 'लातूर पॅटर्न' म्हणतात त्या अभ्यासक्रमाच्या घाण्यासाठीं. गांवोगांवचीं मुलें तेथें येऊन खोल्या भाड्यानें घेतात, पहाटेपासून शिकवण्यांच्या दारांत उभीं राहतात. आणि ह्या साऱ्या खटाटोपाचें ध्येय बहुधा एकच कीं, मुलानें डॉक्टर व्हावें. प्रवेशपरीक्षेंत गुण कमी पडले तर दंतवैद्यक, तें न साधल्यास आयुर्वेद, मग होमिओपॅथी, मग औषधनिर्माण, आणि सगळीं दारें बंद झालीं म्हणजे, तेंही मुलगी असेल तर, "नर्सिंगला टाकून द्या." हे 'टाकून द्या' शब्द आमचे नव्हत, प्रवेशाच्या दिवसांत आमच्याकडे सल्ला मागावयास येणाऱ्या पालकांचे ते आहेत. ज्या धंद्यांत आपण मुलीला टाकतों, त्या धंद्यांतून ती उठून गेली तर टाकणाऱ्यानें रडावें हें नवलच!

ही अवहेलना आजची नाहीं. रुग्णशुश्रूषा म्हणजे परक्याच्या शरीरास स्पर्श, रक्त, पू, मलमूत्र. आणि ह्या सर्वांविषयीं आमच्या पांढरपेशा वर्गास जी किळस होती तिला धर्माचें पांघरूण मिळालेलें होतें. मिरजेस १८९४ सालीं वॉनलेस साहेबांनीं इस्पितळ काढलें, तेथें आमचे लोक औषधाला धांवत गेले. परंतु तेथल्या परिचारिकेचा वेष आपल्या मुलीच्या अंगावर चढावा असें किती घरांस वाटलें? पुण्यांत १९०९ सालीं सेवासदन निघालें, आणि रमाबाई रानड्यांनीं तरुण विधवांना ससून रुग्णालयांत परिचर्येचें शिक्षण घ्यावयास धाडण्याचें धैर्य केलें. तें धैर्यच म्हटलें पाहिजे. कारण विधवेनें घरांत कोंडून राहणें हें ज्या समाजाला शोभत होतें, त्याला तिनें अनोळखी रोग्याच्या उशाशीं बसणें शोभत नव्हतें. पुढें १९४६ सालीं, नाशिकास जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीनें हिशेब मांडला तेव्हां ब्रिटिश हिंदुस्थानांत अवघ्या ७,००० परिचारिका निघाल्या. ४३,००० लोकांमागें एक. आमचा मराठवाडा तर १९४८ पर्यंत निजामी अमलाखालीं होता; येथें रीतसर शिकलेली परिचारिका पाहण्याचा योग खेड्यांतल्या माणसास क्वचितच आला असेल. त्या रिकाम्या जागा पुढें भरल्या कोणीं? मुख्यत्वें मिशनच्या मुलींनीं, केरळांतून आलेल्या ख्रिस्ती मुलींनीं, आणि अलीकडे ज्यांना गांवांत दुसरा मार्गच नव्हता अशा गरीब शेतकरी व दलित घरांतल्या मुलींनीं. आम्ही शिष्टलोक ह्या कामापासून पहिल्यापासूनच दूर उभे होतों. ज्यांनीं कधीं आघाडीवर पाऊलच ठेवलें नाहीं, त्यांनीं इतरांना पळपुटे म्हणूं नये.

आतां पैशाच्या मोहाविषयीं. आमची एक विद्यार्थिनी बारावीनंतर बी.एस्सी. नर्सिंग झाली. खासगी महाविद्यालयाच्या शुल्कापायीं बापाची एक एकर जमीन गहाण पडली. पुढें तीन वर्षें ती नांदेडांतल्या एका इस्पितळांत होती. बारा तासांची पाळी, पगार ९,००० रुपये. सही मात्र दुसऱ्याच आंकड्यापुढें करावी लागे. मूळ प्रमाणपत्रें मालकाच्या कपाटांत, म्हणजे पांखरूं उडण्याची भीति नको! रात्रपाळीस तीस रोगी आणि ती एकटी. सोबत एक मावशी. (ह्या 'मावशी' शब्दांत आमच्या समाजानें केवढी काटकसर साधली आहे! नातें जोडलें कीं पगाराचें बोलणें अवघड होतें.) ती आमच्याकडे आली ती परदेशच्या इंग्रजी परीक्षेची तयारी करण्यासाठीं. त्या परीक्षेंत रुग्णाच्या टिपणांवरून दुसऱ्या डॉक्टरास किंवा परिचारिकेस पत्र लिहावयाचें असतें. आम्हीं तिचीं 'ए' आणि 'द' हीं उपपदें दुरुस्त केलीं. बाकी दुरुस्त करण्यासारखें आमच्यापाशीं कांहीं नव्हतें. जखमेंतून स्राव किती, औषधाची मात्रा केव्हां बदलली, म्हातारीला घरीं किती पायऱ्या चढाव्या लागतात आणि तिच्याजवळ रात्रीं कोण असतें, हें सारें दीड पानांत आलेलें होतें. तीस वर्षें इंग्रजी निबंध तपासतांना इतकें सावध व उपयोगी गद्य आमच्या हातीं फारसें लागलेलें नाहीं.

ह्या मुलीला मोह झाला असें म्हणणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. २०१६ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें खासगी इस्पितळांतल्या परिचारिकांच्या वेतनाविषयीं समिति नेमण्यास केंद्र सरकारास सांगितलें. त्या समितीनें ठरविलें तें असें: २०० हून अधिक खाटा असतील तेथें सरकारी परिचारिकेइतकें वेतन, १०० हून अधिक असतील तेथें त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० असतील तेथें फार तर २५ टक्के कमी, आणि ५० च्या आंत असतील तेथें दरमहा निदान २०,००० रुपये. अंमल करण्याचें काम राज्यांकडे गेलें, आणि राज्यांकडे गेलेल्या पुष्कळ कामांचें जें होतें तेंच त्याचें झालें. आमच्या व्याख्यात्यांच्या इस्पितळांत खाटा चाळीस. तेथल्या परिचारिकांस ते काय देतात हें त्यांनीं भाषणांत सांगितलें नाहीं, आणि भर सभेंत विचारण्याचें धैर्य आम्हांसही झालें नाहीं. तें आम्हीं येथें विचारतों.

देशांत परिचारिकांचा तुटवडा आहे, हा एक आक्षेप मात्र गंभीर आहे, व त्याची थट्टा करणें आम्हांस पटणार नाहीं. २०२३ सालच्या ३० सप्टेंबर-१ ऑक्टोबरला नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालयांत २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भकें होतीं. बरोबर तीस वर्षांपूर्वीं, १९९३ च्या ३० सप्टेंबरला, पहाटे किल्लारीची भूमि हादरली होती. तो निसर्गाचा कोप म्हणतां आला. हा कोणाचा म्हणावा? पुष्कळ बालकें खासगी दवाखान्यांतून अगदीं अत्यवस्थ झाल्यावर आणण्यांत आलीं, असें रुग्णालयाच्या बाजूनें सांगण्यांत आलें. मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन दखल घेतली, आणि मंजूर जागा रिकाम्या असल्याची चर्चा वर्तमानपत्रांतून कित्येक दिवस चालली. कांचेच्या पेटींतल्या किलो-सव्वा किलोच्या अर्भकावर डोळा ठेवावयास डॉक्टर अहोरात्र उभा नसतो. तेथें परिचारिकाच असावी लागते, आणि तिच्या वांट्यास चार अर्भकें येतात कीं पंधरा, ह्यावर त्यांचें जगणें अवलंबून असतें. ह्या आक्षेपापुढें आम्ही मान लववितों.

पण मग पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. जागा रिकाम्या राहिल्या त्या मुली इंग्लंडास गेल्या म्हणून काय? देशांत ३३ लाखांहून अधिक परिचारिका नोंदलेल्या आहेत, असें केंद्र सरकारच संसदेंत सांगत आलें आहे. आमच्याच गल्लीबोळांत नर्सिंगचीं विद्यालयें उभीं आहेत, व तेथून उत्तीर्ण झालेल्या मुली पांच आंकड्यांच्याही आंतल्या पगारावर राबत आहेत. एकीकडे रिकामी जागा, दुसरीकडे रिकाम्या हाताची मुलगी, आणि मधें भरतीचा आदेश कोठें तरी फायलींत निजलेला. २०२२ च्या मे महिन्यांत सरकारी परिचारिकांनीं संप केला तो कशासाठीं? भरती बाहेरच्या ठेकेदारामार्फत करूं नये यासाठीं! म्हणजे जी थोडी कायमची चाकरी उरली होती, तिलाही कंत्राटाची वाळवी लागत होती. ह्यास तुटवडा म्हणणें म्हणजे कोठाराला कुलूप घालून दुष्काळ पुकारण्यासारखें आहे.

दुसरा एक वर्ग शोक करीत नाहीं. तो टाळ्या वाजवितो. २०२४ च्या फेब्रुवारींत महाराष्ट्र शासनानें जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशीं १०,००० कुशल माणसें पुरविण्याविषयीं करार केला. त्यांत परिचारिका आल्याच. भाषा विनामूल्य शिकविण्याची योजनाही पुढें जाहीर झाली. परक्या देशाची भाषा मुलांनीं शिकावी ह्यांत वाईट तें काय? जर्मनी म्हातारी होत चालली आहे, तिला हात हवे आहेत. आमच्याकडे हात आहेत, त्यांना काम हवें आहे. एवढा व्यवहार आम्हांस समजतो. समजत नाहीं तें हें कीं, स्टुटगार्टच्या रुग्णांसाठीं ज्या सरकारला एवढी तत्परता सुचते, त्यालाच विष्णुपुरीच्या रुग्णांसाठीं ती कां सुचूं नये? आणि परदेशचीं दारें परदेशाच्या गरजेप्रमाणें उघडतात व मिटतात, हें तरी टाळ्या वाजविणाऱ्यांनीं मुलींना सांगितलें आहे काय?

इंग्लंडचेंच पाहा. २०२२ च्या फेब्रुवारींत तेथें वृद्धांची काळजी वाहणाऱ्या 'केअर वर्कर' लोकांस दार उघडलें. २०२४ च्या ११ मार्चपासून त्यांना नवरा-मुलें बरोबर नेण्याची बंदी झाली. २०२५ च्या २२ जुलैपासून बाहेरून नवी भरतीच बंद. दरम्यान ज्यांच्या भरंवशावर लोक गेले अशा ४७० हून अधिक संस्थांचे परवाने तेथल्या सरकारनें रद्द केले, आणि त्यांच्याशीं ३९,००० हून अधिक कामगारांचीं नांवें बांधलेलीं होतीं. शिवाय नोंदणीकृत परिचारिका वेगळी आणि 'केअर वर्कर' वेगळा, हा भेद दलाल सांगत नाहीं. चार वर्षें नर्सिंग शिकलेली मुलगी दुसऱ्या दारानें गेली तर तिची पदवी पेटींतच राहते. तेथली परीक्षा दिल्यावांचून तिला सुई टोचण्याचीही मुभा नाहीं. आमच्याकडे दलाल मागतात ते लाखांनीं. वस्तुतः १९८३ च्या परदेशगमनाच्या कायद्याखालीं परवानाधारक दलालास ३०,००० रुपये व त्यावरील कर यांहून अधिक घेतां येत नाहीं. किती बापांना हें ठाऊक आहे? केरळांत ओडेपेक नांवाची सरकारी संस्था १९७७ पासून हींच कामें पाहते. आमच्या मुलीला वाटाड्या म्हणजे बसस्थानकाच्या भिंतीवरची जाहिरात. व्याख्यानें द्यावयाचींच असतील तर ह्या विषयावर द्यावीं, आणि तीं लातुराच्या सभागृहांत नव्हे, अहमदपूर-मुखेडच्या बाजारच्या दिवशीं द्यावीं.

जातां जातां एक मौज सांगतों. रात्रपाळी करणारी मुलगी सून म्हणून नको, असें स्वच्छ सांगून आमच्या ह्या विद्यार्थिनीस दोन घरांनीं नाकारलें होतें. ती इंग्लंडांत परिचारिका म्हणून नोंदली गेल्याची वार्ता फुटतांच त्यांपैकीं एका घराकडून पुन्हां विचारणा आली. मुलगा अभियंता आहे, तिकडे येण्यास तयार आहे, आणि रात्रपाळीविषयीं त्या मंडळींची आतां मुळींच तक्रार नाहीं. तिनें काय उत्तर दिलें तें आम्हीं विचारलें नाहीं.

व्याख्यानानंतर पंधरा दिवसांनीं त्याच डॉक्टरमहाशयांचा आम्हांस दूरध्वनि आला. त्यांच्या मातोश्री नव्वदीच्या घरांत आहेत, अंथरुणास खिळल्या आहेत; चिरंजीवांना अमेरिकेहून येणें जमत नाहीं. रात्रीं त्यांच्यापाशीं बसावयास, कूस पालटावयास, स्वच्छता करावयास एखादी चांगल्या घरची, शिकलेली, विश्वासू मुलगी आमच्या विद्यार्थिनींत असल्यास पाठवावी, असें त्यांचें म्हणणें. म्हातारीची स्थिति ऐकून आम्हांस खरोखर वाईट वाटलें. वेतन काय, असें आम्हीं विचारलें. ते म्हणाले, "आठ हजार देऊं, सर, शिवाय दोन वेळचें जेवण." अशी एक मुलगी होती, पण हल्लीं तिची रात्रपाळी इंग्लंडांत असते, असें आम्हीं कळविलें.