‘च्’ म्हणजे ‘नाही’



गेल्या महिन्यात एका दुपारी आमच्या वन्संचा फोन आला. आवाज घट्ट. “वहिनी, तुमच्या भाच्याची बायको माझ्याशी चार दिस धड बोलंना. म्या काय केलं ते तिलाच इचारा.” दुसऱ्या दिवशी भाचेसुनेचा फोन. ती रडवेली. “मामीजी, आईंना माझं काहीच आवडत नाही. चहा विचारला तरी चिडतात.”

आता अशा वेळी मामीने मध्ये पडावं की पडू नये? मी म्हणते पडू नये. पण भाचाही म्हणाला, “मामी, येऊनच जा,” तेव्हा चिंचवड गाठलं.

आधी माणसं सांगते. वन्सं महाळुंगे पडवळला दिलेल्या, आंबेगाव तालुक्यात. हुतात्मा बाबू गेनूंचं गाव म्हणून तुम्ही नाव ऐकलं असेल. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा होऊन प्राण देणारा तो गिरणी कामगार याच गावचा. वन्सं अभिमानाने सांगतात, “आमच्या गावची मान्सं बोलत न्हाईत, करून दाखवत्यात.” हे बोलत नाहीत मात्र खरं! निदान वन्सं तरी. भाचा चाकणला कारखान्यात आहे, आणि त्याची बायको कानपूरची. प्रेमविवाह. मुलगी गुणी, मराठी झटपट शिकली. साखरेच्या तपासणीसाठी वन्सं तिच्याकडे राहायला आल्या होत्या.

मी गेले तेव्हा वन्सं मेथी निवडत बसलेल्या. सून आली. “आई, चहा ठेवू?” वन्संनी मान वर न करता हनुवटी किंचित उचलली आणि जिभेने ‘च्’ केलं. सुनेचा चेहरा उतरला. आत गेली आणि भांडं जरा जोरातच ठेवलं.

मी तिच्या मागे गेले. “अगं, त्या ‘नको’ म्हणाल्या.”

“कुठे म्हणाल्या, मामीजी? ‘च्’ केलं त्यांनी. तुमच्यासमोर!”

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तिच्या माहेरी हा आवाज काढला की माणूस वैतागला तरी असतो नाहीतर हळहळला तरी. आपणही दूध उतू गेलं की ‘च् च्’ करतोच. पण एकदाच, हनुवटी उचलून केलेलं ‘च्’ म्हणजे साधं ‘नाही’. आपल्याकडे बोलता न येणारं पोरसुद्धा वरणभाताचा घास पुढे आला की हेच करतं. आपल्याला कुणी शिकवल्याचं आठवत नाही, म्हणून वाटतं की जगात सगळ्यांना येत असेल.

गंमत म्हणजे तुर्कस्तानात आणि ग्रीसमध्येही मान जराशी मागे टाकून ‘च्’ केलं की त्याचा अर्थ ‘नाही’ असाच होतो. म्हणजे आमच्या वन्सं इस्तंबूलच्या मंडईत खुशाल घासाघीस करतील. अडतात त्या चिंचवडच्या स्वयंपाकघरात. आणि बल्गेरियात तर मान वरखाली हलवली की ‘नाही’ आणि आडवी हलवली की ‘हो’. तिथे सून म्हणून जायची पाळी आली तर काय होईल, कल्पना करा.

एकेक गोष्ट निघत गेली तशी कळलं की हे दुखणं लग्नापासूनचं आहे. लग्न कानपूरला झालं. तिथे मुलीचे वडील, चांगले साठी उलटलेले, नवऱ्यामुलाच्या पायाशी वाकले. वन्संना घाम फुटला. एवढा म्हातारा माणूस आपल्या पोराच्या पाया पडतोय! त्यांनी व्याह्यांचे हात धरून त्यांना मागे ओढलं. तिकडच्या मंडळींना वाटलं, मान नाकारला. उत्तर प्रदेशातल्या कित्येक घरांत जावयाच्या पाया पडायची रीत आहे, आणि लेकीला देवी मानतात म्हणून लेक आईबापांच्या पाया पडत नाही. आपल्याकडे सगळं उलटं. जावई वाकतो, लेक वाकते. (लग्नात आपणही वराचे पाय धुतो, पण ते तेवढ्यापुरतं.) पुढे सून घरी आली आणि पदराचं टोक दोन्ही हातांत धरून वन्संचे पाय दाबू लागली. तिकडची नमस्काराची पद्धत. वन्संनी झटकन पाय मागे घेतले. “असू दे, असू दे,” म्हणून हात हलवला. सुनेच्या मनात तेही बसलं.

वन्संच्या बाजूलाही साठलेलं होतंच. “यात्रेला येशील ना, म्हणून फोनवर लिव्हलं, तर हिनं अंगठा दावला मला!” व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो अंगठा म्हणजे ‘हो, छान’. पण वन्संच्या जन्मात अंगठा म्हणजे ठेंगा! सासूला ठेंगा दाखवणारी सून कुणाला आवडेल? मी हसले तर दोघीही माझ्यावर रागावल्या.

इथवरचं हसण्यावारी नेता आलं असतं. पण याच दिवसांत एक गोष्ट घडून गेली होती, आणि ती सांगताना सुनेचा आवाज कापत होता.

वन्संना घेऊन ती दवाखान्यात गेली होती. डॉक्टरांनी आत बोलावलं तेव्हा तिने विचारलं, “मी येऊ आत?” वन्सं म्हणाल्या, ‘च्’. त्यांच्या मनात, कशाला पोरीला त्रास. हिच्या मनात, मी जवळसुद्धा नको. ती बाहेर बाकावर बसून राहिली. आत डॉक्टरांनी सांगितलं, साखरेची ही गोळी घेतली की जेवलंच पाहिजे. वन्संनी मान डोलावली. ती आपली मान! कलती, या खांद्याकडून त्या खांद्याकडे. डॉक्टर समजले, कळलं. चार दिवसांनी संकष्टी आली. वन्संनी सकाळी गोळी घेतली आणि चंद्रोदयापर्यंत कडकडीत उपास धरला. दुपारी अंगाला दरदरून घाम, हातांना कापरं, बोलणं अडखळायला लागलं. सुनेने प्रसंगावधान राखून साखरेचं पाणी पाजलं, रिक्षा बोलावली आणि दवाखाना गाठला. थोडक्यात निभावलं.

मी वन्संना विचारलं, “कळलं नव्हतं तर मान का डोलावलीत?”

“अवो, डाक्टर बोलत व्हते. मोठ्या मान्साला मधी कसं तोडायचं? ऐकतीया म्हनून मान हालवली.”

बघा, ‘ऐकतेय’ आणि ‘समजलं’ यांना एकच मान! आपल्या पिढीतल्या बायका तरी काय वेगळं करतो? डॉक्टर, शाळेतले सर, बँकेतले साहेब बोलत असले की आपली मान आपोआप डोलते. तो आदर आहे, पण समोरचा त्याला होकार समजून पुढच्या माणसाकडे वळतो. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना दवाखान्यात नेलंत तर आत बरोबर जा, त्या नको म्हणाल्या तरी. आणि उठण्यापूर्वी गोळी कुठली, कधी, जेवणाआधी की नंतर, उपासाच्या दिवशी काय करायचं, हे पेशंटच्याच तोंडून वदवून घ्या. “कळलं का?” असं विचारू नका, त्याला मानच डोलते. “आता तुम्ही मला सांगा बरं,” असं म्हणा.

वन्संचे यजमान दुसऱ्या दिवशी गावाहून आले. त्यांना सगळं सांगितलं तर ते हसत म्हणाले, “बैलबाजारात आमी रुमालाखाली हात घालून बोटं दाबून सौदा करतो. भाव कुनाला ऐकू येत न्हाई. पन कुठलं बोट म्हंजे किती ते दोघांनाबी ठावं पायजे, न्हायतर बैल बी गेला आन् पैका बी.” मला वाटतं, सासरचं माणूस वेगळ्या मुलखाचं असेल तर ही बोटं आधी ठरवून घ्यावीत.

परदेशी गेलेल्यांना हे जास्त जाणवतं. माझी एक मैत्रीण न्यू जर्सीला असते. तिच्या मुलाच्या बाईंनी तक्रार केली, रागावलं की हा माझ्याकडे बघतच नाही, काहीतरी लपवतो. आपल्या घरात मोठ्यांनी रागे भरलं असता नजर वर करणं म्हणजे उद्धटपणा. तिथे नजर खाली म्हणजे लबाडी. पोरगं बिचारं घरी एक आणि शाळेत एक असे दोन डोळे घेऊन वावरत होतं. त्याच्या आईने शाळेत जाऊन सांगितलं तेव्हा बाईंनाही वाईट वाटलं.

चिंचवडला आम्ही काय केलं? फारसं नाही. सुनेने गोळ्यांचा कागद मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावला. अंगठ्याचं चित्र बंद, ‘हो’ असं लिहायचं. वन्संनी कबूल केलं की ‘च्’ केलं तर पाठोपाठ तोंडानेही सांगीन. कबूल केलं खरं, पण पन्नास वर्षांची सवय!

मागच्या रविवारी पुन्हा जाऊन आले. वन्सं गवार मोडत होत्या. “आई, चहा?” “च्.” सून बसकण मारून समोर बसली आणि शेंगा मोडायला लागली. दोघींच्या गप्पा अशा रंगल्या की मला चहा हवा आहे का, हे कुणी विचारलंच नाही. मग मीच उठून गॅस पेटवला.