खेळ अडखळतो तेव्हा

३० ऑगस्ट २०२० रोजी ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिम्पियाडची अंतिम लढत भारत आणि रशिया यांच्यात चालू होती. ऐन दुसऱ्या फेरीत इंटरनेट सेवेत जागतिक पातळीवर बिघाड झाला. नागपूरची दिव्या देशमुख आणि केरळचा निहाल सरीन यांचा संपर्क तुटला, घड्याळ मात्र चालत राहिले आणि दोघांचेही डाव वेळ संपल्याने गेले. भारताने दाद मागितली आणि जागतिक बुद्धिबळ संघटनेने दोन्ही देशांना संयुक्त विजेते घोषित केले.

चोरखमाऱ्यासारख्या जंगलालगतच्या गावात मोबाइलवर खेळणाऱ्या मुलाला दाद मागायला अशी जागा नसते. ऐन मोक्याच्या क्षणी खेळ अडखळला की त्याचा राग धाकट्या भावंडावर किंवा आईवर निघतो. ‘पोरगा चिडका झाला, रात्री झोपत नाही’ अशी तक्रार घेऊन पालक येतात. ‘खेळच बंद कर’ हे उत्तर सोपे आहे; परंतु खेळ का अडखळतो हे समजून घेतले, तर घरातील निम्मे भांडण मिटते.

मुले ज्याला ‘पिंग’ म्हणतात, तो संदेशाच्या जाण्या-येण्याचा वेळ होय. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. खेळाचा सर्व्हर हजार किलोमीटरवरील मुंबईत असेल, तर केवळ जाण्या-येण्याला किमान १० मिलिसेकंद लागतात. साडेतीन हजार किलोमीटरवरील सिंगापुरात असेल, तर किमान ३५. वाटेतील यंत्रे आणि मोबाइलचा मनोरा आपापली भर घालतात ती वेगळीच. म्हणून खेळाच्या सेटिंगमध्ये जवळचा सर्व्हर निवडणे ही पहिली पायरी. पैसे घेऊन पिंग घटवण्याचे आश्वासन देणारी ॲप्स हे अंतर कमी करू शकत नाहीत. अनोळखी ठिकाणाहून उतरवलेली असतील, तर फोनमधील खासगी माहितीलाही धोका.

दुसरी पायरी निदानाची. पिंगचा आकडा स्थिर असूनही चित्र अडखळत असेल, तर दोष नेटचा नसून फोनचा आहे. तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच उतरवतो. चार्जिंगला लावून खेळू नये, जाड कव्हर काढावे, चित्राची प्रत एक पायरी खाली आणावी, मागे चालणारी ॲप्स व अपडेट थांबवावेत. याउलट पिंग एकाएकी उसळत असेल, तर नेटकडे पाहावे. घरी वायफाय असल्यास राउटर कपाटामागे न ठेवता घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. संगणक असेल, तर तो थेट केबलने जोडावा. त्याच वेळी दुसऱ्या खोलीत कोणी चित्रपट पाहत असेल, तर त्याचाही भार त्याच जोडणीवर पडतो.

मनोऱ्यावर सायंकाळी गर्दी असते. मध्यरात्रीनंतर ती ओसरते, नेट धावू लागते आणि मुले नेमकी तीच वेळ निवडतात. येथे वैद्याला बोलावेच लागते. पडद्यावर काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत निरोगी माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. झोप अपुरी असेल, तर हा काळ वाढतो, शिवाय मध्येच लक्ष क्षणभर पूर्ण सुटते. सलग १७-१८ तास जागलेल्या माणसाची चपळाई मद्य घेतलेल्या माणसासारखी मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे नेटमध्ये वाचवलेले ३०-४० मिलिसेकंद मुलगा आपल्याच मज्जासंस्थेत गमावून बसतो. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप हवी. चहा, कॉफी वा ‘एनर्जी ड्रिंक’ ही उसनवारी आहे. तिची फेड दुसऱ्या दिवशी वर्गात होते. यावर तोडगा म्हणजे रविवारची पहाट. तेव्हाही नेट मोकळे असते आणि मेंदू ताजा असतो. पालकांनी ती वेळ मुलाला मोकळ्या मनाने द्यावी.

खेळताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी २० फूट दूर २० सेकंद पाहावे. आपल्याकडे हिरव्या झाडांची उणीव नाही. मनगट वाकडे ठेवून तासन्‌तास खेळणाऱ्याचा अंगठा दुखू लागतो. तो दुखत असताना खेळ थांबवावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. दाट झाडीत मोबाइलचे संकेत क्षीण होतात, म्हणून मुले रात्री बांधावर, तलावाच्या पाळीवर वा गावाबाहेर जाऊन बसतात. नजर पडद्यावर, कानांत इअरफोन आणि पाय गवतात. मण्यार रात्रीच हिंडते. तिच्या दंशाला वेदना व सूज इतकी थोडी असते की मुलाला काही चावले हेच कळत नाही. पुढे पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, श्वास मंदावतो. अशा वेळी दोरी बांधू नये, चिरा देऊ नये, झाडफुकीत वेळ घालवू नये. १०८ ला फोन करून तत्काळ रुग्णालय गाठावे. पावसाळ्यात उघड्यावर विजेचे भय वेगळेच. अंधार पडल्यावर संकेतांच्या शोधात घराबाहेर जायचे नाही, हा नियम मात्र निरपवाद असावा.

खेळावरचा ताबा सुटणे, अभ्यास-जेवण-मैत्री यांपेक्षा खेळ मोठा होणे आणि हानी दिसूनही तो चालू राहणे, असे साधारण १२ महिने चालले व त्यामुळे घर-शाळेतील जीवन विस्कटले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणानुसार तो विकार होय. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. मात्र वर्षभर वाट पाहत बसू नये. लक्षणे दिसताच डॉक्टरांशी किंवा ‘टेली मानस’च्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर बोलावे. परंतु नेट अडकल्यावर चिडणारा प्रत्येक मुलगा रुग्ण नसतो. आज रात्री त्याच्याजवळ बसा, पिंगचा आकडा कोठे दिसतो ते त्यालाच विचारा. आपले कोणी ऐकते आहे असे वाटले, की झोपेची वेळ ठरवण्याची गोष्टही तो ऐकतो.