नोकराचें अपील आणि बांधाची निमताना

बांधाची मोजणी कशी होते हें आमच्या शेतकरी वाचकांस शिकविण्याची गरज नाहीं. भूकरमापक येतो, मोजतो, खुणा करतो आणि जातो. ज्याचा बांध सरकला तो दुसऱ्या दिवशीं तालुक्याला धांव घेतो आणि निमताना मोजणी मागतो. ही निमताना पहिल्याच मोजणीदारानें करावी असें उद्यां कोणीं ठरविलें, तर अकोल्यापासून जामखेडपर्यंत एकही कुणबी तें ऐकून घेणार नाहीं. तो विचारील, "ज्यानें चूक केली असें मी म्हणतों, त्यालाच विचारायचें का, कीं बाबा रे, तुझी चूक झाली काय?" म्हणूनच निमताना वरचा अधिकारी करतो, आणि तीही कचेरींत बसून नव्हे, शेतांत उभें राहून.

पण याच शेतकऱ्याचा भाऊ एस. टी.त कंडक्टर असतो, पुतण्या साखर कारखान्यांत फिटर असतो, लोहार-सुताराचा मुलगा सुप्याच्या एमआयडीसींत मशीनवर उभा असतो. त्याच्या भाकरीवर गदा आली म्हणजे मात्र ही साधी अक्कल कोणाला आठवत नाहीं. साहेबानें आरोपपत्र दिलें, साहेबाच्याच हाताखालच्या माणसानें चौकशी केली, साहेबानें बडतर्फ केलें, आणि अपील ज्याच्याकडे गेलें त्यानें शिक्षेच्या आधींच फोनवर मान डोलाविली होती. उंदराला मांजर साक्ष! महिन्या दोन महिन्यांनीं एका ओळीचा कागद घरीं येतो: "आपल्या अपिलाचा काळजीपूर्वक विचार करण्यांत आला असून तें फेटाळण्यांत येत आहे." काळजी कोणाची केली, तें त्या कागदावर नसतें.

एस. टी.चेंच उदाहरण घेऊं, कारण ती आपल्या घरची आहे. १ जून १९४८ रोजीं तिची पहिली गाडी धांवली ती नगर-पुणे रस्त्यावर. कंडक्टरवर येणारा नेहमींचा आरोप म्हणजे पैसे घेतले आणि तिकीट दिलें नाहीं. तपासणी पथक गाडींत चढतें, उतारू मोजतें, पिशवींतली रोकड मोजतें, आणि वीस-पंचवीस रुपयांच्या फरकावर वीस-पंचवीस वर्षांची नोकरी टांगली जाते. कंडक्टर म्हणतो, बाजारचा दिवस होता, गाडी खचाखच भरली होती, मी मागच्या बाकाकडे जातच होतों. तपासनीस म्हणतो, हा चोर आहे. दोघांपैकीं खरें कोण, हें सांगूं शकणारा उतारू पाथर्डीच्या स्टँडवर उतरून केव्हांच गर्दींत मिसळलेला असतो.

असाच हरियाणांतील एका कंडक्टरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अकरा उतारू बिनतिकीट सांपडले होते, पण त्यांपैकीं एकाचीही साक्ष चौकशींत झाली नव्हती. १९७७ सालीं न्यायालयानें सांगितलें कीं खात्याच्या चौकशीला पुराव्याचा कायदा काटेकोरपणें लागत नाहीं. विश्वास ठेवण्यासारखा कांहीं तरी पुरावा असला म्हणजे पुरे. आम्हांस हा निकाल चुकीचा वाटत नाहीं. गाडींतल्या म्हाताऱ्या बाईला साक्षीसाठीं कोणीं आणि कोठून शोधून आणावें? आणि एस. टी.चा पैसा हा गरिबाचाच पैसा आहे. तो खाणाऱ्याची वकिली आम्ही करणार नाहीं. पण या निकालाचा दुसरा अर्थ साहेबलोकांच्या ध्यानांत येत नाहीं. पहिल्या पायरीवर थोड्या पुराव्यानें काम भागत असेल, तर दुसऱ्या पायरीवर डोळे अधिक उघडे ठेवले पाहिजेत. चाळणी मोठ्या भोंकांची असली म्हणजे पाखडणारी बाई तरी जाणती लागते.

अपिलांत काय पाहावें हेंही कांहीं गुपित नाहीं. रेल्वेच्या १९६८ सालच्या नियमांत तें लिहिलेलें आहे: चौकशी रीतीप्रमाणें झाली काय, निष्कर्षाला पुराव्याचा आधार आहे काय, आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानानें योग्य आहे काय. तरी रेल्वेच्या एका नोकराचें अपील फेटाळतांना बोर्डानें काय केलें? नियमांतलींच वाक्यें उतरून काढलीं आणि खालीं सही ठोकली. १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो हुकूम रद्द केला आणि बजावलें कीं अपील करणाऱ्याला समक्ष बोलावून त्याचें म्हणणें ऐका व कारणें देऊन निकाल लिहा. पुढें १९९३ सालीं घटनापीठानें सांगितलें कीं चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल शिक्षा होण्यापूर्वींच नोकराच्या हातीं पडला पाहिजे. आपल्यावर काय शाबीत झालें तेंच ठाऊक नसेल, तर बिचारा बाजू कशाची मांडणार?

हें सारें झालें कागदाचें, आतां पोटाचें. निलंबित माणसाला निर्वाहभत्ता मिळतो, पहिले नव्वद दिवस अर्धा पगार, आणि पुढची दिरंगाई त्याच्यामुळें झाली नसेल तर पाऊण पगार. निदान कायद्यांत तसें आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणींतील एका नोकराला हा भत्ता दिलाच नाहीं. चौकशीला जायला त्याच्या खिशांत पैसे नव्हते आणि त्याच्या माघारीं चौकशी उरकून त्याला काढून टाकलें. १९९९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो सगळा खटाटोप रद्द ठरविला. उपाशी माणसाला तारीख देणें म्हणजे बैल विकायला लावून मग नांगरट कां केली नाहींस म्हणून दटावणें होय.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता अंमलांत आली. निलंबित कामगाराची चौकशी सामान्यतः नव्वद दिवसांत पुरी करावी असें तींत आहे, हें बरें झालें. पण स्थायी आदेशांचें तें प्रकरण तीनशें किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरतें आहे. ज्या शेडमध्यें चाळीस पोरें राबतात, तेथें मालकाचा शब्द हाच स्थायी आदेश! अशा ठिकाणीं तर अपील ऐकायला बाहेरचा, दोघांनाही मान्य असा जाणता माणूस बसविणें मालकाच्याच हिताचें आहे. त्याला खर्च तो किती? एका दुपारचा चहा.

कोणी म्हणेल, न्यायालय आहे, मग खात्याच्या अपिलाचा एवढा बाऊ कशाला? न्यायालय आहे खरें. तें शिक्षा कमी करूं शकतें, कामावर परत घ्यायला लावूं शकतें. पण तेथें वकील लागतो, वर्षें लागतात, आणि तोंवर पोरीचें लग्न व पोराची फी थांबत नाहीं. अपिलाला एक कागद पुरतो. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एस. टी.चा संप सुरू झाला आणि हजारों कामगार निलंबित व बडतर्फ झाले. एप्रिल २०२२ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें २२ तारखेपर्यंत कामावर रुजू व्हा असें कामगारांस सांगितलें, आणि रुजू होणाऱ्यांना घ्या असें महामंडळास सांगितलें. हजारोंचा प्रश्न असा सुटला, कारण गाड्या बंद होत्या आणि सगळा महाराष्ट्र स्टँडवर तिष्ठत होता. एकट्या कंडक्टरसाठीं कोणती गाडी थांबते? त्याला आधार त्या एका कागदाचाच.

आतां जरा आपल्याच घरांत डोकावूं. १९५० सालीं प्रवरेच्या पट्ट्यांत सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि नगर जिल्ह्यांतला, आजच्या अहिल्यानगरांतला, शेतकरी कारखान्याचा मालक झाला. म्हणजे मालकही आपण आणि चाकरही आपलींच पोरें. तरी सहकारांत असा प्रकार कानीं येतो कीं संचालकांच्या निवडणुकींत एकादा कामगार दुसऱ्या पॅनेलकडून फिरला, कीं गाळप संपतांच त्याच्या हजेरींत खोट निघते. शिक्षेच्या कागदावर सही कार्यकारी संचालकाची, आणि अपील त्याच मंडळापुढें, ज्याच्या अध्यक्षानें ती सही करायला लावली! सभासद मात्र ऊंसाचा भाव तेवढा विचारून, जेवून घरीं येतो. भाव विचारावा, अवश्य विचारावा. पण अपील ऐकणाऱ्या समितींत शिक्षेशीं संबंध नसलेला एक तरी माणूस, एकादा निवृत्त न्यायाधीश किंवा कामगार खात्याचा जुना अधिकारी, असावा असा ठराव करायला सभासदांचा हात कोणीं धरला आहे?

ज्यांच्या घरीं असा कागद आला असेल त्यांना दोन शब्द. साहेबाचे पाय धरायला जाऊं नका. आणि "दयेचा अर्ज" असें तर मुळींच लिहूं नका. अपिलाची मुदत किती तें प्रथम पाहा. आरोपपत्र, साक्षीदारांचे जबाब व चौकशीचा अहवाल यांच्या नकला लेखी मागा. कोणता साक्षीदार काय चुकीचें बोलला, कोणता कागद दाखविला नाहीं, पूर्वीची नोकरी किती वर्षें निर्मळ होती, हें एकेक करून शाळेंतल्या पोराकडून कां होईना, स्वच्छ अक्षरांत लिहवून घ्या. समक्ष ऐकावें अशी मागणी त्याच अर्जांत करा. आणि अर्ज दिल्याची पोंच, शिक्क्यासह व तारखेसह, घेतल्यावांचून कचेरीची पायरी उतरूं नका.

आणि जे सभासद आहेत त्यांनीं येत्या वार्षिक सभेपूर्वीं कारखान्यास एवढाच प्रश्न लेखी द्यावा: गेल्या वर्षीं किती कामगारांचीं अपिलें आलीं, तीं कोणीं ऐकलीं, आणि किती निकालांत कारण लिहिलें आहे?