साठ जणांचा 'ओके सर'

सकाळी फोन उघडला की पहिला अर्धा तास कशात जातो, सांगायला नको. वर्गाचा ग्रुप, प्रॅक्टिकल बॅचचा ग्रुप, एनएसएसचा, प्लेसमेंटचा, मेसचा, आणि सरांना वगळून काढलेला वर्गाचा दुसरा ग्रुप. रात्रीतून तीनशे मेसेज. अर्धे 'गुड मॉर्निंग', उरलेले 'ओके सर', 'येस सर'. या गर्दीत कुठेतरी एक पीडीएफ असते: परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख.

अकोल्याच्या आमच्या एका मैत्रिणीनं या कटकटीपायी ग्रुप म्यूट केला. तारीख निघून गेली, लेट फी बसली. वरून ऐकावं लागलं, "ग्रुपवर टाकलं होतं ना, काहून नाही पाह्यलं?"

चूक तिची? आम्हाला नाही वाटत. हिशेब करून पाहा. साठ जणांच्या ग्रुपवर एकानं 'ओके' टाकलं, की त्याचा एक सेकंद जातो. फोन मात्र 59 खिशांत थरथरतो. साठही जणांनी टाकलं, तर 3540 वेळा. एका सूचनेपायी! पाठवणाऱ्याला फुकट आणि भुर्दंड दुसऱ्याला, मग मेसेज कमी होतील कसे?

अन् हे कॉलेजात संपत नाही बरं. अमरावतीहून पुण्याला नोकरीला गेलेल्या कोणत्याही दादा-ताईला विचारा. तिथे स्लॅक असतं, टीम्स असतं. अख्ख्या चॅनलला टॅग करून रात्री दहाला 'छोटंसं काम' येतं. ग्लोरिया मार्क आणि सहकाऱ्यांच्या 2008 च्या अभ्यासात, मध्येमध्ये अडवलेल्या लोकांनी काम उलट लवकर उरकलं; पण ताण, चिडचिड आणि घाई वाढली. म्हणून बॉसला वाटतं, चाललंय की झकास.

ऑफिस सुटल्यावर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्समध्ये 2017 पासून कायद्यात आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी असंच खासगी विधेयक 2018 मध्ये लोकसभेत मांडलं, 2025 मध्ये पुन्हा मांडलं. पण 1970 नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही. त्या भरवशावर बसलो तर पदवी होऊन, नोकरी लागून, रिटायर व्हायची वेळ येईल.

आपल्या हातात आहे ते तर करू. सूचनांचा ग्रुप वेगळा काढा आणि त्यात फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग लावा. व्हॉट्सअ‍ॅपवर ती कित्येक वर्षांपासून आहे, वापरत कोणी नाही. गप्पा दुसऱ्या ग्रुपवर, तो खुशाल म्यूट करा. 'ओके' लिहिण्याऐवजी मेसेजवर अंगठा दाबा. त्याची घंटी फक्त मेसेज टाकणाऱ्याकडेच वाजते.

सीआर लोकांनो, पाच मिनिटांचं काम आहे, याच आठवड्यात करून टाका. सर नाराज होतील अशी धास्ती असेल, तर त्यांनाच अ‍ॅडमिन करा.