साखरेच्या बेटाचा जमाखर्च



ऊस कारखान्याला गेला, की घरोघर एकच बोलणं सुरू होतं : यंदा टनाला काय भाव पडणार? आपल्याकडं हा घोर घरापुरता, फार तर तालुक्यापुरता. पण एक अख्खा देश वर्षानुवर्षं साखरेच्या भावाकडं डोळे लावून बसत होता. तो म्हणजे हिंदी महासागरातला मॉरिशस. आज त्याचा जमाखर्च मांडून पाहू.

देश केवढा? मुख्य बेट आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याएवढं. वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. चलन रुपयाच, पण त्यांचा वेगळा. जमीन ज्वालामुखीच्या दगडाची. रानातून वेचून काढलेल्या काळ्या दगडांचे ढीग अजूनही उसाच्या फडांत उभे दिसतात. त्या रानांत राबलेल्यांत आपलीही माणसं होती. १८३४ पासून इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. बिहारकडचे जास्त, पण मुंबई बंदरातून कोकणातली मराठी माणसंही गेली. त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथली नागरिक आहेत. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते.

तिथं ऊसच का लावला, असं तुम्ही विचाराल. त्याचं एक कारण वादळ. या बेटावर चक्रीवादळं येतात. दुसरं पीक हातचं जातं, ऊस मात्र आडवा झाला तरी बुडख्यातून पुन्हा फुटतो. तरीही १९६० साली असं वादळ आलं, की त्या वर्षीची साखर निम्म्याहून खाली गेली.

पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, जेम्स मीड या इंग्लंडच्या अर्थशास्त्रज्ञांचा अहवाल आला. माणसं भराभर वाढताहेत, पीक एकच, हाताला काम नाही. या बेटाचं पुढं कठीण आहे, असा त्याचा सूर होता. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा निर्यातीच्या शंभर रुपयांतले नव्वदाहून जास्त रुपये साखरेचे होते. एका खांबावर उभं केलेलं घरच म्हणा ना.

मग १९७५ मध्ये नशीब फळलं. युरोपातल्या देशांशी करार झाला : दरसाल सुमारे ५ लाख टन साखर ते ठरल्या भावानं घेणार. हा भाव बहुतेक वर्षं जगाच्या बाजाराहून बराच चढा असे.

आता मंडळी, खरी गोष्ट इथं आहे. उसाचं बिल चांगलं आलं की आपल्याकडं काय होतं, ते मी सांगायला नको. लग्नाचा मांडव मोठा होतो, दारात गाडी येते, आणि उरलेल्या पट्टीतही ऊसच लागतो. मॉरिशसनं साखरेवर निर्यात कर बसवला होताच. सरकारी पैसा शाळा-दवाखान्यांकडं वळवला. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत केलं. परदेशी पाठवायच्या मालाच्या कारखान्यांना सवलती देणारा कायदा १९७० मध्येच झाला होता. त्याखाली कपड्यांच्या गिरण्या निघाल्या. बाहेरचे व्यापारी आले, तसा साखरेत कमावलेला पैसाही त्यांत गेला. हजारो बायाबापड्या प्रथमच स्वतःच्या नावानं पगार घेऊ लागल्या. जोडीला समुद्रकाठी हॉटेलं उभी राहिली. पुढं बँका आणि इतर धंदे आले.

ही तजवीज वेळेवर झाली म्हणून बरं. कारण भाव देणाऱ्यानंच हात आखडला. युरोपनं २००६ ते २००९ या काळात साखरेचा भाव ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २००९ मध्ये तो जुना करारही संपला. एकेकाळी वर्षाला ७ लाख टनांच्या घरात गेलेलं साखरेचं उत्पादन आता अडीच लाख टनांच्या आसपास आलं आहे. एकोणिसाव्या शतकात अडीचशेवर कारखाने होते, आता तीन उरलेत. पण देश बसला नाही, कारण तोवर घराला दुसरे खांब लागलेले होते.

साखर उरली तीही नव्या रीतीनं. कच्ची साखर पाठवण्याऐवजी आता पांढरी आणि खास प्रकारची तपकिरी साखर करून विकतात. हंगामात उसाच्या चिपाडावर वीज काढतात. देशाच्या विजेचा सुमारे दहावा हिस्सा त्यातून येतो, आणि चिपाडाचा मोबदला ऊस पिकवणाऱ्यालाही मिळतो.

मात्र सगळं गोडच आहे, असं समजू नका. एक-दोन एकरवाल्या कितीतरी शेतकऱ्यांनी ऊस परवडेना म्हणून रानं पडीक टाकली. बंद झालेल्या कारखान्यांच्या कामगारांना रोख रक्कम आणि घरापुरती जागा मिळाली, पण रोजचं काम गेलं. कपड्यांच्या बाजारातलं संरक्षण २००५ च्या सुरुवातीला उठलं, तेव्हा गिरण्याही बंद पडल्या. तांदूळ आणि गहू बाहेरून आणावा लागतो. २०२० मध्ये करोनानं विमानं थांबली, पाहुणे बंद झाले, आणि त्या एका वर्षात देशाचं उत्पन्न सुमारे सातव्या हिश्श्यानं घटलं. खांब वाढले, तरी बरेचसे परक्याच्या गिऱ्हाइकीवरच उभे आहेत.

तरी त्यांच्या वहीतलं एक पान आपण उतरून घेण्याजोगं आहे. दुसऱ्या मिळकतीची जुळणी त्यांनी भाव चांगला होता तेव्हा केली. पडत्या भावात माणूस कर्ज फेडील की गोठा बांधील? तेव्हा आयाबहिणींनो, घरचा हिशेब तुम्ही जाणता. यंदाचं बिल हाती आलं, की खर्चाच्या यादीत आधी एक ओळ वेगळी काढा. दोन शेळ्या, शिलाईचं यंत्र, विहिरीकडेची भाजी, पोरीच्या पुढच्या शिक्षणाची फी, जे झेपेल ते तिथं लिहा. मांडवाचा खर्च त्याच्या खाली मांडा.