टाचणावरची सही

बी.एड.च्या द्वितीय वर्षातील एका वाचक छात्राध्यापिकेचे पत्र समोर आहे. फिनलंडमधल्या एका शाळेत ती स्वखर्चाने चार आठवडे राहिली, तिने वर्ग पाहिले, पाठ घेतले. परतल्यावर हे आठवडे आंतरवासितेत धरावेत म्हणून अर्ज केला. तो परत आला, कारण प्रपत्रात शाळेचा यू-डायस क्रमांक (भारतातल्या शाळांना दिला जाणारा ओळख क्रमांक) नाही आणि मुख्याध्यापकांचा गोल शिक्का नाही. फिनलंडच्या शाळेने यू-डायस क्रमांक आणायचा कुठून? तिथल्या मुख्याध्यापकांचे सहीचे पत्र, तासवार नोंदी, पाठांवरचे अभिप्राय हे सारे फाइलमध्ये होते. ते कोणी उघडूनही पाहिले नाही. चार आठवडे तिला इथे नाशिकच्या एका शाळेत पुन्हा भरावे लागले.

हा त्रास तिच्या एकटीचा नाही. परितेवाडीच्या शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तरी २०२२ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी अमेरिकेला जाण्याच्या रजेचा प्रश्न शिक्षणमंत्र्यांपर्यंत गेला. मग एका छात्राध्यापिकेची दाद कोण घेणार?

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि २० आठवडे शाळेसाठी राखले, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. छात्राध्यापकाने जाणत्या शिक्षकाच्या नजरेखाली शिकवावे, हा त्यामागचा हेतू. पत्रात नेमके तेच वाचायला मिळते. पाठाच्या आदल्या दिवशी मार्गदर्शक शिक्षिका टाचण घेऊन तिच्याशेजारी बसे, पाठ चालू असताना मागच्या बाकावरून नोंदी करी आणि त्याच दिवशी चर्चा होई. फिनलंडमध्ये विद्यापीठांच्या स्वतःच्या सराव शाळा आहेत. छात्राध्यापकांना मार्गदर्शन करणे हे तिथल्या शिक्षकांचे ठरलेले काम असते.

आपल्याकडे काय चालते, हे वाचकांना सांगायला नको. छात्राध्यापक आला की वर्ग त्याच्यावर सोपवायचा, विषयशिक्षकाने बदली तासाला किंवा ऑनलाइन माहिती भरायला जायचे आणि शनिवारी आठवड्याच्या सगळ्या टाचणांवर एकदम सह्या. हे आठवडे मात्र बिनतक्रार मोजले जातात. पत्र लिहिणाऱ्या छात्राध्यापिकेचा प्रत्येक पाठ कोणीतरी पाहिला होता, तरी तो बाद ठरला. हा अन्याय आहे.

विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने प्रपत्रात परदेशी शाळेसाठी स्वतंत्र रकाना द्यावा. प्राचार्यांनी विद्यार्थी निघण्यापूर्वीच तास, पाठसंख्या आणि निरीक्षण नोंदींचा नमुना ठरवून लेखी परवानगी द्यावी. यासाठी नव्या समितीची गरज नाही.

आणि मार्गदर्शक शिक्षकांनो, तुम्हाला ना शासन निर्णय लागतो, ना निधी. या सत्रापासून एवढेच ठरवा: जो पाठ स्वतः बसून पाहिला नाही, त्याच्या टाचणावर सही करायची नाही.